एका हाताची खुर्ची

टेलरबाईंनी आयुष्यात कधी पुरुषाचं माप घेतलं नव्हतं. गल्लीतल्या बायकांचे खांदे त्यांच्या हातांना पाठ होते. कुणाचा उजवा खांदा उतरता आहे, कुणाची पाठ पुढे झुकायला लागली आहे, बाळंतपणानंतर कुणाच्या कमरेला किती जागा जास्त लागते, हे त्या टेप न लावताही सांगू शकत. पण दारावरच्या पाटीवर ‘फक्त महिलांसाठी’ असं लिहिलेलं होतं, आणि घरातला एकुलता एक पुरुष नोकरीभर तयार गणवेशात वावरला होता. त्यामुळे त्या सकाळी गळ्यात टेप अडकवून बाई नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या, तेव्हा दोघांनाही जरा अवघडल्यासारखं झालं.

“हात वर करू?” नवऱ्याने विचारलं.

“हात कशाला? शर्ट नाही शिवायचा. पाय खाली सोडून बसा. गुडघ्यापासून टाचेपर्यंत घ्यायचंय.”

“फार घट्ट नको.”

“लाकूड आहे हो. घट्ट झालं तर उसवता येणार नाही आणि सैल झालं तर आत घेता येणार नाही. हलू नका.”

नवऱ्याला सगळे ड्रायव्हर म्हणत. घरात येणारे-जाणारे, जिन्यातली मुलं, दुकानदार, सगळेच. त्यांनी शहराची बस चालवली होती, निवृत्त होईपर्यंत एकही अपघात न करता. आणि मग हिवाळ्यातल्या एका दुपारी, घरातल्या कोरड्या, सपाट फरशीवर, हातात पाण्याचा पेला घेऊन येताना ते पडले. डाव्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, टाके सुकले, हाड जुळलं. एकदा उभं केलं की ते वॉकर धरून खिडकीपर्यंत जात आणि परत येत. अडचण चालण्यात नव्हती. उठून उभं राहण्यात होती.

व्यायाम शिकवायला एक मुलगी स्कूटरवरून यायची. बोलायला गोड, पण एका बाबतीत तिच्यापुढे कुणाचं चालत नसे. “आजोबा, दुसऱ्याने उठवलं तर ते उठणं धरायचं नाही,” ती म्हणाली होती. “तुमच्या पायांनी उठायचं. बसायचं, परत उठायचं. दिवसभर. नाहीतर मांडीचं मांस जातं, आणि ते गेलं की परत आणणं फार अवघड.”

“म्हणजे?” बाईंनी विचारलं.

“म्हणजे मग पलंग,” मुलगी म्हणाली, आणि दाराशी काढलेले बूट घालायला वाकली.

पलंग बुटका होता. त्याच्या पायांखाली विटा घातल्या तर उंची जमली, पण धरायला काही नव्हतं आणि गादी खालून दबायची. सोफा माणसाला गिळून टाकायचा. प्लास्टिकची खुर्ची रेटा दिला की मागे पळायची. जावयाने हौसेने एक स्टीलची खुर्ची पाठवली. मजबूत होती, उंच होती, पण तिच्या बैठकीला मधोमध भोक होतं आणि त्यावर झाकण. ड्रायव्हरांनी ती एकदा नीट पाहिली.

“हिच्यात बसून मी कुणाशी बोलायचं?” ते म्हणाले. “समोरचा माणूस बोलेल माझ्याशी आणि लक्ष सगळं झाकणाकडे.”

ती खुर्ची आता इस्त्रीचे कपडे ठेवायला कामाला आली होती. आणि ड्रायव्हर पलंगावर. बाई काखेत हात घालून त्यांना उठवत, आणि त्या उठवण्याचा त्यांना इतका संताप यायचा की ते दिवसातून एकदा-दोनदाच उठायला तयार होत. “गोणी आहे का मी,” असं म्हणत आणि भिंतीकडे तोंड करत. दिवसाकाठी त्यांचं पडून राहणं वाढत होतं. बाईंना ते दिसत होतं, जसं चांगलं कापड धुण्यागणिक विरत जाताना दिसतं.

तळमजल्यावर सुताराचं दुकान होतं. बाई त्याच्याकडे गेल्या आणि म्हणाल्या, एक खुर्ची करून द्या.

“खुर्ची?” सुताराने कानावरची पेन्सिल काढली, पाहिली, परत कानावर ठेवली. “काकू, खुर्ची कोण करतं आता? कपाट सांगा, ओटा सांगा. कपाट कसं, भिंतीला टेकून गप उभं राहतं. खुर्चीला चार पाय, पाठ, हात, आणि वर बसलेला माणूस डुलणार तो वेगळाच. मला वेळ नाही, खोटं कशाला सांगू. दोन स्वयंपाकघरं अंगावर आहेत.”

“मग मी करते.”

“काय?”

“खुर्ची. लाकूड द्या.”

सुतार हसला, मग बाई हसत नाहीत हे पाहून थांबला. दुकानाच्या मागे यंत्रं ज्या खोक्यांतून येतात त्या खोक्यांच्या फळ्या पडल्या होत्या. पिवळट, हलक्या, गाठी असलेल्या, पण सरळ. त्यातल्या चांगल्या त्याने काढून दिल्या. एक जुनी करवत दिली, एक रंधा, एक कानस. ड्रिल मात्र उसनं. “बोटं सांभाळा,” तो म्हणाला. “माझा ब्लाउज शिवायचा नाहीये, पण बायकोचा आहे.”

तर असं ते मापं घेणं चाललं होतं. बाईंना लवकरच कळलं की त्यांची सगळी विद्या उभ्या माणसाची आहे. माणूस बसला की त्याची दुसरीच मापं तयार होतात. मांडी रुंद होते, पाठ आखूड होते, पोट पुढे येऊन बसतं. उंची ठरवायला त्यांनी कपडे बेतायची फळी दोन बुटक्या स्टुलांवर ठेवली, ड्रायव्हरांना तिच्यावर बसवलं आणि मग त्यांना उठवून फळीखाली एकेक जुनं फॅशनचं मासिक सारत गेल्या. पाय जमिनीवर पूर्ण टेकलेले हवेत आणि मांड्या गुडघ्याकडे किंचित उतरत्या, असं व्यायामाच्या मुलीने सांगितलं होतं. जिथे ते जमलं तिथे त्यांनी टेप लावला.

“म्हणजे या एवढ्या बायकांच्या डोक्यावर बसून माझी उंची ठरली तर,” ड्रायव्हर मासिकांकडे बघत म्हणाले.

“एवढ्या जणी मिळाल्या, आणि तोंड बघा.”

काम गॅलरीत सुरू झालं. पहिल्याच दिवशी बाईंनी सवयीप्रमाणे खडूने खूण केली आणि रेघेवरून करवत चालवली. खडूची रेघ जाड असते. कापडावर ती जाडी शिवणीत लपते. लाकडात ती जाडी जशीच्या तशी उरली, आणि दोन पाय एकमेकांना लावून पाहिले तर एक आखूड निघाला. सुताराने वर येऊन पेन्सिलला सुरीने टोक करून दाखवलं आणि रेघ राखून, तिच्या बाहेरच्या बाजूने कापायला सांगितलं. मग बाई दुसऱ्या टोकाला गेल्या. प्रत्येक तुकडा त्यांनी चार बोटं जास्त ठेवून कापला.

“हे एवढं वरचं कशासाठी?” सुताराने विचारलं.

“ठेवलंय. पुढेमागे मोठं करायचं झालं तर.”

“खुर्ची बाळसं धरणार आहे का, काकू?”

बाईंनी जास्तीचं कापून टाकलं. पण ते तुकडे फेकले नाहीत, डब्यात ठेवले. कापडाच्या चिंध्या ठेवतात तशा.

रंधा मात्र त्यांना लवकर वश झाला. लाकडाला उभा-आडवा धागा असतो हे कुणी सांगावं लागलं नाही. एका बाजूने रंधा मारला की लाकूड ओरबाडून निघतं आणि दुसऱ्या बाजूने मारला की पातळ, लांब, गुंडाळत जाणारी साल सुटते. बोटांनी चाचपलं की कळतं कुठल्या अंगाने जायचं. सकाळच्या उन्हात गॅलरीची फरशी त्या सालींनी भरून जायची, आणि बाई त्यांच्यात गुडघे टेकून बसलेल्या असायच्या, पदर खोचलेला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, डोक्यात भुसा.

पलंगावरून त्यांना काही दिसत नव्हतं. फक्त ऐकू यायचं.

“गिअर बदल,” ड्रायव्हर आतून म्हणायचे. “चढावर आहेस. जोर करू नकोस, करवतीला तिच्या चालीने जाऊ दे.”

“तुम्हाला काय ठाऊक करवतीचं?”

“आवाजावरून कळतं. गाडी रडायला लागली की ड्रायव्हर चुकतोय.”

बाई जोर कमी करत. करवत खरंच सरळ जायची. हे त्या त्यांना सांगत नसत.

ब्लाउज मागे पडले. खुंटीवर बेतून ठेवलेली कापडं लटकत राहिली आणि बायका दारात येऊन गॅलरीकडे वाकून बघू लागल्या. “बाई, माझ्या ब्लाउजला हूक लावणार की खिळे?” असं एकीने विचारलं. बाईंनी तोंडात धरलेला स्क्रू काढला आणि सांगितलं, “माप वाढलं असेल तर खिळेच लागतील.” ती हसत हसत गेली, पण आठवडाभर फिरकली नाही.

खुर्चीचा नमुना बाईंनी कागदावर काढला होता. त्यांचा कागद नेहमी मधोमध दुमडलेला असायचा. अर्धं काढायचं, दोन्ही पदर एकत्र कापायचे आणि उलगडायचं, म्हणजे डावं-उजवं हुबेहूब सारखं येतं. तशीच खुर्ची बेतली. चारही पाय बैठकीच्या वर येणारे. पुढचे दोन कोपराच्या उंचीपर्यंत, मागचे दोन खांद्यापर्यंत, आणि मागच्या दोघांमध्ये पाठ. पुढच्या पायाच्या माथ्यावरून मागच्या पायापर्यंत एक आडवी पट्टी गेली की झाला खुर्चीचा हात. या दोन हातांवर त्यांनी सगळ्यात जास्त जीव लावला. जिथे तळवा येणार तिथे कानशीने गोलाई आणली, सँडपेपर घासून घासून कड अशी मऊ केली की रेशीम फिरवलं तरी अडकू नये. एक हात झाला की दुसरा त्याच्यावर पालथा ठेवून बघायच्या. पुसटसाही फरक दिसला की पुन्हा घासायच्या.

सुताराने सरस आणून दिला होता. बाईंनी तो उघडलाच नाही. सगळे सांधे नुसत्या स्क्रूंनी धरले.

“सरस लावल्याशिवाय सांधा पक्का होत नाही,” सुतार म्हणाला.

“ट्रायल झाल्याशिवाय पक्की शिलाई मारायची नसते. आधी कच्चा टाका.”

“स्क्रूचा कच्चा टाका.” सुताराने हात टेकले. “ठीक आहे. तुमची खुर्ची, तुमचा माणूस.”

खुर्ची उभी राहिली तेव्हा एका पायावर डुलत होती. इथे मात्र बाईंना कुणाला विचारावं लागलं नाही. घेरदार झग्याची खालची कड त्या कशी सारखी करत? जमिनीवर काठी उभी धरायची आणि तेवढ्याच उंचीवर चहूकडून खूण करत जायचं. त्यांनी खुर्ची सपाट फळीवर ठेवली, आखूड पायाखाली पुठ्ठ्याची पट्टी सारून ती स्थिर केली, लाकडाचा एक ठोकळा फळीवर सरकवत चारही पायांवर पेन्सिल फिरवली आणि रेघेबरोबर कापलं. खुर्ची चारी पायांवर बसली. गॅलरीतून आत आणताना त्यांनी ती स्वतः उचलली, दारात तिरपी करून, कुणाला हात लावू न देता.

ड्रायव्हरांना त्यांनी खुर्चीत बसवलं. ते हळूच मागे टेकले. आपले हात खुर्चीच्या दोन्ही हातांवर ठेवले. तळवे गोलाईवर फिरवले.

“कशी आहे?”

“कंपनीची वाटते.”

“कुठल्या कंपनीची?”

“चांगल्या.” मग त्यांनी तळहातांवर भार टाकला, श्वास घेतला आणि पुढे झुकले. कोपरं थरथरली. डावा पाय घसरल्यासारखा झाला, चेहरा आक्रसला, आणि ते धपकन परत बसले.

पहिलाच दिवस आहे, असं बाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं, आणि तिसऱ्या दिवशीही. बाईंनी बैठकीवर कडक गादी शिवून उंची वाढवली. पुढच्या पायांखाली जाजम घातलं. बैठकीची खोली कमी केली, म्हणजे पाठ पुढे आणली. त्यासाठी सगळे मागचे स्क्रू सोडून पुन्हा बसवले. प्रत्येक वेळी ड्रायव्हर प्रामाणिकपणे पुढे झुकायचे, दोन्ही हातांवर रेटा द्यायचे, अर्धवट उठायचे, आणि एका विशिष्ट जागी येऊन त्यांचं अंग थांबायचं. जणू पुढे काहीतरी आडवं आहे. शेवटी बाईंना काखेत हात घालावा लागायचा.

मग त्यांनी प्रयत्न सोडला. रागावले असते तर बरं झालं असतं. “खुर्ची छान आहे,” ते म्हणाले. “बसायला छान आहे.” आणि बाईंना समजलं की ते त्यांची समजूत घालत आहेत.

व्यायामाची मुलगी आली. तिने दोन्ही मांड्यांना टेप लावून पाहिलं. आकडा तिने मनातच ठेवला, पण टेप बाईंनाही वाचता येत होता. डावी मांडी मागच्या खेपेपेक्षा दोन बोटं उतरली होती. इतक्या थोड्या दिवसांत इतकं कापड विरलेलं बाईंनी कधी पाहिलं नव्हतं.

“उठणं होत नाहीये ना?” मुलगी दाराशी हळू आवाजात म्हणाली. “आजी, हा महिना महत्त्वाचा आहे. नंतर मी येऊन फारसा उपयोग नाही.”

संध्याकाळी लेकीचा फोन आला. “आई, एक माणूस ठेवू या. सकाळ-संध्याकाळ येईल, उठवेल, बसवेल. तुझी कंबर मोडेल अशाने.” बाई हो-हो म्हणत राहिल्या. खोलीतून ड्रायव्हर म्हणाले, “तिला सांग, माणूस धिप्पाड बघ. माल जड आहे.” ते विनोदाने म्हणाले होते. बाईंनी फोन ठेवला तेव्हा ते भिंतीकडे वळलेले होते.

दुसऱ्या दिवशी बाई शिवणाला बसल्या. खुर्ची कोपऱ्यात होती, तिच्यात ड्रायव्हर पेपर चाळत होते. बाईंनी त्यांचे सदरे दुरुस्तीला काढले होते, कारण ब्लाउज हातात घ्यायची इच्छा होत नव्हती. एका सदऱ्याची उजव्या कुशीवरची शिवण उसवली होती. त्यांनी ती मारली आणि दुसरा घेतला. त्याचीही तिथेच. आधीच जुनं कापड घासून जाळीदार झालेलं, फासळ्यांच्या खाली, तळहाताएवढ्या जागेत. तिसऱ्याचंही तसंच. डावी कूस तिन्हींची धड होती.

बाईंनी मशीन थांबवलं.

कपडा उगाच झिजत नाही, एवढं त्यांना ठाऊक होतं. काखोटीला पर्स धरणारीचा ब्लाउज काखेत झिजतो, कडेवर मूल घेणारीचा कमरेवर. अंग जे रोज करतं ते कापडावर उमटतं, मग त्या माणसाला स्वतःला ठाऊक असो वा नसो. आणि हे सदरे ड्रायव्हर गेले काही दिवस फक्त खुर्चीत घालून बसले होते.

त्यांनी मान वर न करता बघायला सुरुवात केली. बराच वेळ काही झालं नाही. मग खाली रस्त्यावर एक बस वळण घेताना अडकली असावी. मोठी गाडी मागे घेताना येतो तसा आवाज आला, पाठोपाठ कुणीतरी ओरडलं. ड्रायव्हरांनी पेपर खाली टाकला. त्यांचं अख्खं अंग खिडकीकडे, म्हणजे उजवीकडे, वळलं. डावा हात पुढे हवेत गेला, काहीतरी गोल धरल्यासारखा. उजवा हात मागच्या खांबाकडे. दोन्ही पाय एकत्र उजवीकडे सरकले. आणि फासळ्या खुर्चीच्या उजव्या हातावर जाऊन आदळल्या. ते परत सरळ बसले, कूस चोळली, आणि पेपर उचलला. आपण काय केलं हे त्यांना कळलंही नव्हतं.

बाईंच्या डोळ्यांसमोर खाकी पँटी आल्या. वर्षानुवर्षं त्या या माणसाच्या पँटींना बसायच्या जागी ठिगळं लावत होत्या, आणि ठिगळ नेहमी उजव्या बाजूलाच लागायचं. बसमध्ये ड्रायव्हरच्या समोर चाक असतं. समोरून उठून कुठे जायचं? तो उजवीकडे वळतो, डाव्या हाताने चाक धरतो, उजव्याने दाराची चौकट, आणि उजव्या पायावर खाली येतो. हा माणूस आयुष्यभर समोरून उठलाच नव्हता. आणि आपण कागद मधोमध दुमडून त्याला दोन सारख्या हातांमध्ये शिवून टाकलं.

बायकांच्या बाबतीत ही चूक बाईंनी कधी केली नसती. कुठलंही अंग दोन्हीकडे सारखं नसतं, हे तर त्या शिकाऊ मुलींना पहिल्या दिवशी सांगत. फक्त या एका अंगाकडे त्यांनी तसं पाहिलं नव्हतं. रोज समोर असलेलं.

त्या उठल्या आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आल्या. मग उगाच थांबल्या. उजवा हात. दोघांतला जास्त चांगला जमलेला तोच होता, गाठ बरोबर मधोमध आलेला.

“काय बिघडलं?” ड्रायव्हरांनी विचारलं.

“काही नाही. बसून राहा.”

“अगं, मी आत असताना गाडी खोलतेस?”

मागचा स्क्रू सहज निघाला. पुढचा हट्टी होता. जिन्यातून जाणारा सुतार ड्रिल परत न्यायला दारात आला तेव्हा बाई गुडघ्यावर बसून तो उपटत होत्या.

“काकू, हे काय? एवढा सुरेख हात.”

“काढतेय.”

“एकच?”

“एकच.”

“एका हाताची खुर्ची.” सुताराने दोन्ही बाजूंनी पाहिलं. “लोकांना वाटेल मीच केली आणि मध्येच पळून गेलो. निदान दुसराही काढा, म्हणजे मुद्दाम केल्यासारखं दिसेल.”

“दिसायला नाही केली,” बाई म्हणाल्या. स्क्रू सुटला. हात त्यांच्या मांडीवर आला. आता उजव्या बाजूला पुढच्या पायाचा खांब नुसताच कोपराएवढा वर आलेला होता, मागचा खांब खांद्याएवढा, आणि मध्ये मोकळी जागा. दारासारखी.

बाई बाजूला झाल्या. काही सांगितलं नाही. सांगितलं तर ते विचार करतील, आणि विचार केला की समोरून उठतील.

“खाली बस अडकली होती मघाशी,” त्या म्हणाल्या. “निघाली का हो?”

“निघाली असेल. नवा पोरगा असणार, आरशात बघत नाहीत,” असं म्हणत ड्रायव्हर खिडकीकडे वळले. पाय उजवीकडे गेले आणि कशालाही अडले नाहीत. डावा हात पुढच्या खांबावर पडला आणि तिथेच घट्ट झाला. उजवा मागच्या खांबावर. अंगाचा सगळा भार एकदम धडधाकट पायावर आला, आणि डावा पाय त्याच्या मागून, उशिरा, कुरकुरत, पण आला. ते उभे होते.

सुतार दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. ड्रायव्हरांनी आधी खाली आपल्या पायांकडे पाहिलं, मग बाईंकडे, मग बाईंच्या रिकाम्या हातांकडे. त्या हातांनी त्यांना धरलेलं नव्हतं.

“उतरलो,” ते म्हणाले.

“वॉकर घ्या,” बाई म्हणाल्या.

त्या दिवशी ते किती वेळा उठले कुणी मोजलं नाही. दुसऱ्या दिवशी मांडी दुखून आली म्हणून त्यांनी सकाळभर कटकट केली, आणि बाईंनी ती कटकट पूर्ण ऐकून घेतली. व्यायामाच्या मुलीने येऊन त्यांचं उठणं पाहिलं. कमरेत पिळू नका, अख्खं अंग वळवा, एवढंच तिने सांगितलं. “असं कुणी शिकवलं तुम्हाला?” तिने विचारलं. ड्रायव्हर म्हणाले, “नोकरीत.” मग बाईंनी सरसाची बाटली उघडली, एकेक सांधा सोडून त्यात सरस भरला आणि पुन्हा आवळला. उजव्या पुढच्या खांबाला खालून जाड पट्टीचा आधार दिला, कारण सगळी ओढ त्याच्यावर येत होती.

राहिलं होतं तेल. सुताराने जवसाचं तेल दिलं आणि कसं लावायचं ते सांगितलं. आधी बारीक सँडपेपर, मग ओल्या फडक्याने भुसा टिपायचा, वाळू द्यायचं, मग तेलाचा पातळ हात, थोड्या वेळाने उरलेलं पुसून घ्यायचं. आणि दिवसभर तिच्यावर बसायचं नाही.

“दिवसभर?” ड्रायव्हर म्हणाले. “मग मी काय करू? जावयाच्या खुर्चीत जाऊ, झाकणावर?”

म्हणून खुर्ची तुकड्यातुकड्यांनी रंगली. एका दिवशी पाय. एका दिवशी पाठ, तीही ड्रायव्हर दुपारी पलंगावर आडवे झाल्यावर. तेल लागलं की पिवळट लाकूड मधासारखं गडद व्हायचं आणि गाठी वर यायच्या, त्यामुळे बरेच दिवस ती खुर्ची दोन निरनिराळ्या खुर्च्या जोडून केल्यासारखी दिसत होती. शेवटी बैठक उरली. तिच्यावर तर ते सदानकदा बसलेले.

जेवणाआधीच बाई तेलाची वाटी आणि ब्लाउजच्या सुती कापडाचा बोळा घेऊन आल्या.

“उठा.”

ड्रायव्हर वळले, उठले, आणि वॉकर न घेता खिडकीची कड धरून उभे राहिले. बाई बैठकीवरची गादी काढून गुडघे टेकून बसल्या. बैठकीच्या फळ्या बारीक होत्या, शेजारी शेजारी लावलेल्या. त्यांनी पहिल्या फळीवर बोळा टेकवला आणि धाग्याच्या दिशेने, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक लांब हात फिरवला.

“किती वेळ लागेल?”

“होईल.”

ड्रायव्हर खाली रस्ता बघत उभे राहिले. कुणी कुठे चुकीची गाडी लावली आहे ते सांगत राहिले. त्यांचा डावा पाय सुरुवातीला थरथरत होता. पायजम्याच्या कापडावर ती थरथर बाईंना दिसत होती, अगदी त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर. दुसरी फळी झाली. तिसरी. थरथर हळूहळू कमी झाली.

“झालं का?”

“कड राहिलीय.”

“एवढ्या वेळात तू दोन ब्लाउज शिवतेस.”

“ब्लाउज वेगळा.”

मग खिडकीतून नजर न काढता ते म्हणाले, “मुद्दाम करतेयस तू.”

सगळ्या फळ्यांना तेल लागून झालं होतं. बाईंनी बोळ्याची घडी उलटली, कोरडी बाजू वर घेतली, आणि पुसायला म्हणून पुन्हा पहिल्या फळीपासून सुरुवात केली, सावकाश.